अर्धा विमा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कवीने विम्यावर बोलावं हे जरा विचित्रच आहे. कवितांच्या वह्यांचा विमा उतरवायला कुणी तयार होईल असं वाटत नाही. पण आमचं घराणं पिंजाऱ्याचं. आजोबा खांद्यावर धुनकी टाकून मावळातल्या वाड्यावस्त्यांवर कापूस पिंजत फिरत. त्यांची सगळी मालमत्ता खांद्यावर मावत होती. अब्बांनी घोरावाडीत पत्र्याची शेड टाकून गादी कारखाना काढला, आणि धाकट्या भावाने कर्ज काढून पिंजण्याचं यंत्र आणलं. पुण्याहून लोणावळा लोकलने निघालात की बेगडेवाडी आणि तळेगाव यांच्यामध्ये हे लहानसं स्टेशन लागतं. गाडी तिथे इतकी कमी थांबते की पाटी वाचेपर्यंत सुटते.

2022 च्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, यंत्रात ठिणगी पडली. कापसाला पेट घ्यायला कितीसा वेळ लागणार? माणसं वाचली. यंत्र गेलं, कापसाचे गठ्ठे आणि फोम गेला. नुकसान साधारण 6 लाखांचं. भाऊ शांत होता. म्हणाला, ‘‘भाईजान, विमा आहे ना, बँकेनेच काढलाय.’’

इथेच आमची गफलत होती. कर्ज 8 लाखांचं, म्हणून विमाही 8 लाखांचा. प्रत्यक्षात शेड, यंत्र आणि माल मिळून 16 लाखांची मालमत्ता होती. आपण म्हणतो, 8 लाखांचा विमा आहे, 6 लाख जळले, तर 6 लाख मिळतील. तसं होत नाही. पॉलिसीत प्रमाणाचं कलम असतं, ज्याला विमावाले ॲव्हरेज क्लॉज म्हणतात. मालमत्तेच्या निम्म्या किमतीचाच विमा असेल तर उरलेल्या निम्म्याचे विमेदार तुम्ही स्वतः, असं हे कलम मानतं, आणि प्रत्येक नुकसानीत तुमचा निम्मा वाटा धरतं. 6 लाखांचे 3 लाख झाले. पॉलिसीवर बँकेचं नाव असल्याने तेही आधी कर्जखात्यात गेले. भावाचा राग बँकेवर होता. मला विचाराल तर बँकेने आपलं कर्ज सांभाळलं. दुकान सांभाळायचं काम आमचं होतं, आणि आम्ही पॉलिसीचा कागद उघडूनही पाहिला नव्हता.

म्हणून विमा घेताना हप्ता किती, हा प्रश्न नंतरचा. आधी आपलं दुकान कितीचं आहे ते मोजा. जागेची किंमत त्यात धरू नका, जमीन काही जळत नाही. शेड आणि यंत्र आज नव्याने उभं करायला किती लागेल तो आकडा धरा. माल मात्र खरेदीच्या भावाने. विकून मिळणारा नफा यात येत नाही. आणि मोजणी मंदीच्या महिन्यात करू नका. आमच्याकडे श्रावणात चार गठ्ठे असतात, लग्नसराईत छताला टेकतात.

1 एप्रिल 2021 पासून लहान धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी आली आहे. एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर ती चालते, आणि सगळ्या कंपन्यांना एकाच मसुद्याने द्यावी लागते. मोजणीत 15 टक्क्यांपर्यंत कमी पडलात तर प्रमाणाचं कलम लावत नाहीत. आम्ही मात्र तब्बल 50 टक्के कमी होतो, त्यामुळे ही सवलत आमच्या कामाची नव्हती.

आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड हे सगळं त्या पॉलिसीत येतं. पूर्वीच्या आगीच्या पॉलिसीतून वादळ-पुराचं संरक्षण वगळून हप्ता कमी करून घेता येत असे. ‘आपल्याकडे कुठला पूर?’ असं म्हणून काहीजण ते वगळतही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि घाट चढून मावळात आलं, तेव्हा फुलशेतीची पॉलिहाऊस फाटली. पुढच्याच वर्षी 22 जुलैला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाली. हप्त्यात वाचवलेले पैसे अशा वेळी कुठवर पुरणार?

काही गोष्टी मात्र वेगळ्या मागून घ्याव्या लागतात. एरवीच्या घरफोडीचा विमा निराळा असतो. दुकान बंद राहिल्याने बुडालेला धंदा भरून हवा असेल तर तोही निराळा. शॉर्टसर्किट होऊन एखादी मोटर नुसतीच जळाली तर आगीच्या विम्यात ती येत नाही. तिच्यामुळे लागलेल्या आगीत बाकीचं जळालं तर ते येतं. आणि दुसरीकडे गोदाम घेतलंत तर त्याचा पत्ता पॉलिसीवर चढवून घ्या.

अब्बांना विम्याचं वावडं होतं. म्हणत, राखणारा अल्लाह आहे. पण रात्री शेडचं कुलूप दोनदा ओढून बघितल्याशिवाय घरी येत नसत. मी त्यांना तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याची आठवण द्यायचो. 1908 साली तो उभा राहिला तो लोकांकडून पैसा पैसा गोळा करूनच. विमा तरी दुसरं काय आहे? अनेकांनी थोडं थोडं टाकायचं आणि ज्याचं जळेल त्याने उचलायचं. अब्बा हसायचे, पण सही करत नव्हते.

दाव्याच्या वेळी सर्व्हेअर आले. माणूस सभ्य होता. त्यांनी खरेदीची बिलं मागितली. बिलं आणि हिशेबाची वही दुकानातल्याच गल्ल्यात होती, गल्ल्यासकट जळालेली. जीएसटीच्या विवरणांवरून आणि व्यापाऱ्यांकडून नकला मागवून कसंबसं जुळवलं, त्यात तीन महिने गेले. दावा नाकारला किंवा रक्कम पटली नाही तर पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे. लहान धंदेवाल्यालाही तिथे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहावी लागते. आम्ही तिथे गेलो नाही. जाऊन सांगणार तरी काय होतो, आकडा तर आमचाच चुकलेला.

शेड पुन्हा उभी आहे, यंत्र जुनंच पण दुसरं आहे. विमा आता पूर्ण रकमेचा आहे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी भाऊ गठ्ठे मोजतो आणि बिलांच्या नकला माझ्याकडे आणून देतो. त्या मी पत्र्याच्या पेटीत ठेवतो. पेटी कवितांच्या वह्यांची होती; वह्या आता पलंगाखाली आहेत.