आधी नाक खाली



मे महिन्याच्या दुपारी जळगाव जामोदच्या नांगरून पडलेल्या काळ्या रानावर घार पंख न हलवता वर वर चढत जाते. काळी जमीन उन्हाने लवकर तापते, तिच्यावरची हवा तापून वर उठते आणि घार त्या हवेवर स्वार होते. सातपुड्याच्या झाडीवर किंवा ओलिताच्या शेतावर हवा तशी उठत नाही. शेतकऱ्याच्या पोरांना हे पाहून पाहून ठाऊक असते. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. तिथे वैमानिक व्हायला आलेल्या मुलामुलींची गाठ विदर्भाच्या याच हवेशी पडते. भर दुपारी छोटे विमान हेलकावे खाते. शिवाय 45 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि आकाशात झेपावायला धावपट्टी जास्त लागते.

विमान म्हटले की शेकडो बटणांचे कॉकपिट डोळ्यांपुढे येते. शिकणाऱ्याचे पहिले काम मात्र विमानाबाहेरचे असते. विमानाभोवती फेरी मारायची, टाकीतले थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून त्यात पाणी नाही ना ते बघायचे, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवायची, पंखाचा आणि शेपटीचा हलणारा प्रत्येक भाग हाताने हलवून पाहायचा. मग आकाशात चारच गोष्टी: सरळ उडणे, चढणे, उतरणे आणि वळणे. क्षितिजाच्या मानाने नाक किती वर आहे आणि इंजिनाची ताकद किती दिली आहे, यावर जवळजवळ सगळे ठरते. दोन आसनांचे विमान असो की तीनशे आसनांचे, हे बदलत नाही.

यातला सर्वांत अवघड धडा स्टॉलचा. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण 15-16 अंशांपलीकडे गेला, की पंखावरून वाहणारी हवा पंखाला सोडून जाते. उचल ढासळते आणि इंजिन व्यवस्थित चालू असतानाही विमान खाली बसू लागते. घाबरलेला हात अशा वेळी नाक वर ओढतो, त्याने कोन आणखी वाढतो. सुटका उलट दिशेला असते: आधी नाक खाली. जमीन आपल्याकडे येत असताना नाक तिच्याकडेच वळवणे पुस्तक वाचून अंगी येत नाही. म्हणून प्रशिक्षक पुरेशा उंचीवर नेऊन मुद्दाम स्टॉल करायला लावतो, पुन्हा पुन्हा.

रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे एअरबस ए330 1 जून 2009 रोजी अटलांटिकवर होते. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला आणि ऑटोपायलट सुटला. नळ्या लवकरच पूर्ववत झाल्या, पण सहवैमानिकाने नाक वर ओढले आणि स्टॉलचा इशारा वाजत असतानाही ते बहुतेक वेळ ओढलेलेच राहिले. 38 हजार फुटांवरून विमान साडेतीन मिनिटांत समुद्रात कोसळले. 228 माणसे गेली. विमान शाबूत होते, इंजिने चालू होती. एवढे प्रगत यंत्र आणि घात झाला तो पहिल्या काही तासांत शिकवल्या जाणाऱ्या धड्यावर, ही गोष्ट आजही अस्वस्थ करते.

याच्या नेमके उलटही घडले आहे. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाच्या नव्या बोइंग 767 मध्ये इंधन भरताना किलोग्रॅम आणि पाउंड यांचा घोळ झाला. लिटरमागे 0.8 किलो धरण्याऐवजी 1.77 हा पाउंडांचा आकडा वापरला गेला, म्हणजे निम्म्याहून कमी इंधन भरले गेले. 41 हजार फुटांवर उडताना इंधन संपत आले आणि दोन्ही इंजिने एकामागून एक बंद पडली. कॅप्टन बॉब पिअरसन हौसेने ग्लायडर उडवत. उंची जास्त आणि वेगही जास्त, अशा अवस्थेत त्यांनी विमान तिरके घसरवत उंची कमी केली आणि गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. सर्व 69 जण वाचले. एकके बदलण्याचे गणित कंटाळवाणे वाटणाऱ्यांनी ही हकिगत जरूर लक्षात ठेवावी.

आता आपल्या घरची एक दुःखद गोष्ट. विंग कमांडर दीपक साठे हे नागपूरचे. हवाई दलात त्यांनी दीर्घ सेवा केली होती. 7 ऑगस्ट 2020 रोजी दुबईहून कोझिकोडला येणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान ते चालवत होते. पाऊस होता आणि टेकडीवरच्या धावपट्टीवर पाठीमागून वारा येत होता. 8858 फुटांच्या धावपट्टीवर सुमारे 4400 फूट मागे पडल्यावर चाके टेकली. विमान टोकावरून खाली गेले. विमानातल्या 190 पैकी 21 जणांचा मृत्यू झाला, त्यांत दोन्ही वैमानिक होते. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले होते, असे चौकशी अहवाल सांगतो. गो अराउंड म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे. उतरायला येताना काही बिनसले की हेच करायचे, हे प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला शिकवले जाते. साठे यांच्याबद्दल मनात आदर ठेवूनच हे सांगितले पाहिजे, कारण इतक्या अनुभवी माणसालाही ज्याची गरज पडते, ते किरकोळ असूच शकत नाही. आणि दुसऱ्या आसनावरच्याने वेळेवर मोठ्याने बोलणे, वेळ पडल्यास ताबा घेणे, हेही उड्डाणाचेच कौशल्य आहे.

मुलींनो, ही दोन्ही आसने तुमचीही आहेत. सौदामिनी देशमुख हे नाव शोधून वाचा. 1985 साली त्यांच्या नेतृत्वाखाली इंडियन एअरलाइन्सचे फोकर फ्रेंडशिप विमान केवळ महिला चमूने कोलकात्याहून सिलचरला नेले.

वैमानिक होण्याची वाट आता विदर्भाबाहेर शोधावी लागत नाही. 2024 साली एअर इंडियाने अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर प्रशिक्षण अकादमी उभारण्याची घोषणा केली. शिकाऊ परवाना 16 व्या वर्षापासून मिळू शकतो. व्यावसायिक परवान्याला 18 वर्षे पूर्ण आणि 200 तासांचे उड्डाण लागते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असणे आजवर आवश्यक राहिले आहे. शिक्षण महाग आहे, खर्च अनेक लाखांत जातो. म्हणून पालकांना विनंती, की शेत गहाण टाकण्याआधी किंवा कुठल्याही संस्थेची फी भरण्याआधी मुलाची किंवा मुलीची वैमानिकांसाठीची वैद्यकीय तपासणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) मान्य केलेल्या डॉक्टरांकडून आधी करून घ्या.