सिबिल घसरलंय, घर मिळेल?

क्रेडिट कार्डाचे हप्ते थकले, सिबिल स्कोअर घसरला. आता भाड्यानं घर कोण देणार? ३०० ते ९०० मधला हा आकडा आपले बरेच घरमालक अजून विचारत नाहीत. विचारलाच, तर लपवू नका. पगारपत्रक दाखवा, वेळेवर भाडं भरल्याच्या बँकेतल्या नोंदी दाखवा, जुन्या मालकांशी फोनवर बोलणं करून द्या. अनामत थोडी वाढवून देता येते, पण तो आकडा करारात हवाच. पावतीविना रोख? मुळीच नको! महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. स्कोअर ज्यावरून ठरतो, तो क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. फेडलेलं कर्ज त्यात थकीत दिसलं, तर तक्रार करा. ३० दिवसांत निवारण न झाल्यास रोज १०० रुपये भरपाई मिळते.