मण्यांत बसविलेला धातू



विषयाचे नाव जड आहे, म्हणून गुजरीतूनच सुरुवात करतो. सराफांच्या दुकानातील केर आणि राख धुऊन त्यातून सोन्याचा कण वेचणारे झारेकरी आपल्याला नवे नाहीत. हुपरीचे कारागीरही चांदीचा कीस सांडू देत नाहीत. रसायनांच्या कारखान्यात हीच चिंता असते. फरक एवढाच की तेथे मौल्यवान धातू केरात नव्हे, द्रावणात हरवतो.

स्वतः न खपता रासायनिक क्रिया घडवून आणतो तो उत्प्रेरक. तेलापासून वनस्पती तूप करताना निकेलची भुकटी वापरतात. ती विरघळत नाही, त्यामुळे शेवटी गाळून काढता येते. पण निवड करण्याच्या बाबतीत ती ढोबळच. १९६०च्या दशकात इंग्लंडात जेफ्री विल्किन्सन यांनी ऱ्होडियमचे एक जटिल संयुग पुढे आणले. धातूच्या एका अणूभोवती तीन फॉस्फिन रेणू आणि एक क्लोरीन, अशी त्याची रचना. साध्या तापमानाला, साध्या दाबाखाली ते दुहेरी बंधाला हायड्रोजन जोडते आणि तेही पारखून. मात्र ते द्रावणात विरघळलेले असते. काम संपल्यावर ऱ्होडियम मालात मिसळलेला राहतो. म्हणजे धातूही गेला आणि मालही बाटला. माल औषधाचा असेल तर प्रश्न पैशाचा राहत नाही. तोंडावाटे घ्यायच्या औषधातून पोटात जाणाऱ्या ऱ्होडियम किंवा पॅलेडियमची आजची आंतरराष्ट्रीय मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे.

यावर वाट सापडली ती वेगळ्याच क्षेत्रात. १९६३ साली अमेरिकेत ब्रूस मेरीफिल्ड यांनी पॉलिस्टायरिनच्या बारीक मण्यांना अमिनो आम्ल चिकटवून त्यावर एकेक कडी जोडीत साखळी वाढविली. नको असलेले सारे केवळ धुऊन टाकायचे! या कामाला १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मग मण्याला धातूच का बांधू नये? १९७१ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठात रॉबर्ट ग्रब्ज आणि लेरॉय क्रोल यांनी मण्यांवर आधी फॉस्फिनचे गट बसविले आणि त्या गटांनी विल्किन्सनच्या संयुगातील ऱ्होडियम धरून ठेवला. क्रिया झाली की मणी गाळायचे आणि पुन्हा वापरायचे.

येथे एक गंमत झाली. पॉलिस्टायरिनच्या साखळ्या एकमेकींना मधूनमधून टाके घालून जोडलेल्या असतात. बेंझीनमध्ये मणी फुगतात आणि आत बोळ तयार होतात. बोळातून सायकल जाते, बैलगाडी अडकते. तसे सहा कार्बनांच्या कड्याचे सायक्लोहेक्झीन झपाट्याने आत जाऊन बदलले, बारा कार्बनांचे मोठे कडे मागे राहिले. बांधायला घेतले होते धातूला, आणि गाळणीही हाती आली.

हे सारे परदेशातच घडले असे नाही. आपल्या शिवाजी विद्यापीठात डॉ. माणिकराव साळुंखे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिमरवर बसविलेल्या अभिकारकांवर संशोधन केले; पुढे ते याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. डॉक्टर आणि इंजिनियर यांपलीकडे मुलामुलींना वाट नाही असे मानणाऱ्या पालकांनी सागरमाळाकडे एकदा जरूर नजर टाकावी.

तरी या मण्यांची भलावण मी आंधळेपणाने करणार नाही. कारखान्यांत त्यांचा शिरकाव अपेक्षेपेक्षा फार कमी झाला. फॉस्फिनला हवा लागली की ते ऑक्सिडीकृत होते, पकड सुटते आणि धातू हळूहळू पाझरतो. कधी कधी तर मणी नुसते साक्षीदार असतात आणि काम पाझरलेला धातूच करीत असतो! याची पारख सोपी आहे. क्रिया अर्धी झाली असता द्रावण गरम असतानाच मणी गाळून टाकावेत. उरलेल्या नितळ द्रावणात क्रिया चालूच राहिली, तर धातू सुटला आहे असे समजावे.

बांधणे आणि सुटणे कसे असते, ते पाहण्यासाठी टेबलावर पाणी मृदू करण्याच्या रेझिनचे मणी ठेवले आहेत. हे मणी धातूला वेगळ्या रीतीने, म्हणजे विद्युतभाराने, धरतात. त्यांत मोरचुदाचे फिकट निळे पाणी ओता आणि हलवत राहा. पाणी निवळेल, मणी निळे होतील. मग मणी धुऊन त्यांवर मिठाचे दाट पाणी घाला आणि तांबे परत येते का पाहा. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हात तोंडाला लावू नका. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आधी पुढे यावे.