शुश्रूषागृह, कायदा आणि कागदाचे मोल



६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत गावच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणास अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्यातील एका खासगी रुग्णालयात आणण्यात आले. ९ मे रोजी तेथे भूल न देता, केवळ मॉर्फियाचे इंजेक्शन देऊन, बळाने हाड बसविण्यात आले. त्याच रात्री तो तरुण मरण पावला. दाखल्यावर मृत्यूचे कारण वेगळेच नमूद झाले. पित्याने दिवाणी दावा दाखल केला. कनिष्ठ न्यायालय, मुंबई उच्च न्यायालय आणि अखेर २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालय, या तिन्ही पायऱ्यांवर निकाल पित्याच्या बाजूने लागला. नुकसानभरपाई मिळाली ती अवघी ३,००० रुपये!

मुलाचे मोल पैशात होत नाही, हे त्या पित्यासही ठाऊक होते. परंतु पंधरा वर्षांच्या त्या झगड्यातून ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा निकाल देशाला लाभला. रुग्णास स्वीकारावे की नाही हे ठरविताना, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही वेळी दक्षता घेणे हे वैद्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने त्यात सांगितले. आजही या विषयाचा पाया तोच आहे.

पुढे १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला. धर्मादाय संस्थांनी तो विशेष लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. सर्वच रुग्णांना संपूर्ण विनामूल्य सेवा देणारी संस्था या कायद्याच्या बाहेर राहते. केवळ नाममात्र नोंदणी शुल्क घेतल्याने त्यात फरक पडत नाही. मात्र काही रुग्णांकडून शुल्क आणि गरिबांना मोफत, अशी व्यवस्था असेल, तर मोफत उपचार घेणारा रुग्णही ग्राहकच ठरतो. औषधदान हे पुण्यकर्म खरे; पण दान विनामूल्य असू शकते, दक्षतेत मात्र सवलत नसते.

आपल्या राज्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना लागू झाली. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णास अनामत रकमेसाठी दारात थांबवता येत नाही. ज्या न्यासांची रुग्णालये आहेत, त्यांनी हा हिशेब जमाखर्चाइतकाच चोख ठेवावयास हवा.

मीरा-भाईंदरमध्ये अनेक शुश्रूषागृहे निवासी इमारतींच्या तळमजल्यावर वा पहिल्या मजल्यावर चालतात. प्रत्येकाची नोंदणी महानगरपालिकेकडे असणे १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यान्वये बंधनकारक आहे. जानेवारी २०२१ मधील सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागी लावावे लागते. किती कुटुंबे रुग्ण दाखल करताना तिकडे दृष्टी टाकतात?

मीटरभर कापडाचीही पक्की पावती मागणारा व्यापारी रुग्णालयातून लाखाचे बिल भरून निघतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा केवळ डिस्चार्ज कार्ड असते. केसपेपर, तपासणी अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणे मात्र तेथेच राहतात. वाद निर्माण झाला की मग धावाधाव! वस्तुतः वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि त्या तीन वर्षे जतन कराव्या लागतात. गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णास त्याच्याच नोंदी नाकारता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केले. अर्ज लेखी करावा आणि त्याची पोच घ्यावी. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत सामान्यतः दोन वर्षांची आहे. येथील नागरिकांसाठी जिल्हा आयोग ठाण्याला आहे.

नाण्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. उपचार फसला म्हणजे हलगर्जीपणा झाला, असे नव्हे. ऑगस्ट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो आणि कारवाईपूर्वी तपास अधिकाऱ्याने तज्ज्ञ डॉक्टराचे स्वतंत्र मत घ्यावे. दुःखाच्या भरात काचा फोडणाऱ्यास २०१० च्या राज्य कायद्यान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, शिवाय नुकसानीची दुप्पट भरपाई द्यावी लागते. त्या गोंधळात मूळ तक्रारच दुबळी होते. त्या पित्याने दगड उचलला असता, तर आज तो निकाल अस्तित्वात नसता.

म्हणून रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या घरच्या एका माणसाने एक साधी वही ठेवावी. दिनांक, वेळ, दिलेले औषध, डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट, भरलेली रक्कम, हे सारे तीत लिहावे. संमतिपत्र वाचल्यावाचून सही करू नये. बहुतेक वेळा ती वही कोणत्याही न्यायालयात न्यावी लागणार नाही, आणि तेच इष्ट आहे. कारण घरचे नोंद ठेवतात हे दिसले, की रुग्णालयही अधिक जपून वागते.

जय जिनेंद्र!