फॉरवर्ड करण्यापूर्वी

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिलाय. "ज्येष्ठ नागरिकांच्या परिषदेला जाऊन आलात ना, तिथे काय ऐकलंत ते सांगा." परिषद होती समाजमाध्यमं आणि नवमाध्यमं यांवर. खरं सांगते, जेवण चांगलं असतं म्हणून मी गेले होते.

पहिलीच वक्ती तिशीतली मुलगी. ती म्हणाली, "फोन काढा. आज आलेला एक फॉरवर्ड उघडा. तो मुळात कोणी लिहिला हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हात वर करा." सभागृहात एकही हात वर गेला नाही. मग तिने मेसेजवरची दोन बाणांची खूण दाखवली. मेसेज बऱ्याच हातांतून फिरून आलाय, एवढंच ती खूण सांगते. मला आजवर वाटायचं, एवढ्या लोकांनी पाठवलाय म्हणजे खराच असणार!

नंतर ती राईनपाड्याबद्दल बोलली. धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं गाव. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाच्या तावडीत सापडले आणि पाचही जणांना ठार मारलं गेलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली.

सगळे हळहळले. मी मात्र मान खाली घालून बसले होते. कारण तसलाच मेसेज त्या पावसाळ्यात आपल्या ग्रुपवर मी टाकला होता. वर स्वतःचे दोन शब्दही जोडले होते, "सावध राहा."

सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे काका आठवतात? सायकलला जोडलेलं दगडी चाक फिरायचं, ठिणग्या उडायच्या आणि आपली पोरं भोवती कोंडाळं करून बघायची. माझ्या मेसेजनंतर दोनच दिवसांनी ते आले. पोरांशी बोलतानाचा त्यांचा फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकला. वॉचमनने त्यांना दंडाला धरून गेटबाहेर काढलं. मी गॅलरीतून बघत होते. दहा वर्षं माझी विळी त्यांच्याकडे जायची. "अहो, मी ओळखते यांना," एवढंच म्हणायचं होतं, पण म्हटलं नाही. त्यानंतर ते कधी आले नाहीत.

आपण कोणावर हात उचलला नाही, हे खरं. पण राईनपाड्याची सुरुवातही अशाच एखाद्या "सावध राहा"ने झाली असेल, हा विचार त्या दिवसापासून मनातून जात नाही.

म्हणून पंचविसाव्या वर्षी कमिटीला एकच विनंती. शुभेच्छा पाठवा, विनोद पाठवा, पाणी जाणार असेल तर जरूर कळवा. पण कोणा माणसाचा फोटो संशयाने ग्रुपवर टाकण्याआधी खाली उतरा, त्याला नाव विचारा. शंका राहिलीच तर पोलिसांना फोन करा, ग्रुपवर नको. हा नियम नोटीस बोर्डावर लावावा. खाली पहिली सही मी करते.

आणि ते काका कोणाला कुठे दिसले, तर मला सांगा. माझी विळी सात वर्षं बोथट आहे.