दांतांची बोली आणि जांभळा दिवा

दांत दुखूं लागल्यावांचून दंतवैद्याची आठवण व्हावयाची नाहीं, हा सुशिक्षित घरांतूनही पाळला जाणारा नियम आहे. परंतु वेदना ही फार उशिरा पोंचणारी बातमी होय. दांताच्या बाह्य कवचांत मज्जातंतू नसतात. कीड आंतल्या थरांत उतरेपर्यंत दांत मूक असतो. हिरड्यांचा विकार तर त्याहून अबोल. घांसतांना थोडें रक्त येतें, तें थुंकून दिलें जातें, आणि मुळाभोंवतालचें हाड झिजत राहतें.

ही मूक अवस्था ओळखण्याचें पहिलें साधन क्ष-किरणांनीं दिलें. रोंटगेन यांनीं १८९५ च्या नोव्हेंबरांत हे किरण शोधिले. पुढील वर्षारंभींच ऑटो वालखोफ या जर्मन दंतवैद्यानें स्वतःच्या दांतांचें चित्र घेतलें. त्यासाठीं त्यांस २५ मिनिटें निश्चल राहावें लागलें. आज तें काम क्षणार्धांत होतें; पण यंत्र, वीज आणि शिकलेला मनुष्य हीं तिन्ही जवळ हवींत.

ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या डोंगराळ तालुक्यांत खरी अडचण हीच आहे. शहापुरांतील तानसा आणि भातसा यांचें पाणी मुंबईच्या घरोघरीं पोंचतें. मुंबईची दंतचिकित्सा मात्र तेथील ठाकूर-कातकऱ्यांच्या पाड्यांवर तितक्या सहज पोंचत नाहीं. दवाखान्याची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. मग दुखणें असह्य झाल्यावर दांत उपटणें एवढाच उपाय उरतो.

येथें प्रकाशाचा एक साधा गुण उपयोगी पडतो. कांहीं पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतात. १८५२ सालीं स्टोक्स या शास्त्रज्ञानें त्याचें विवेचन केलें. सुमारें ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश दांतांवर टाकिला कीं निरोगी दांत हिरवट चमकतो, क्षार गमावलेला भाग काळसर दिसतो, आणि जुन्या किटणांतील जंतूंनीं बनविलेलीं पॉर्फिरिन द्रव्यें तांबडीं उजळतात. लहान दिवे, जांभळा प्रकाश अडविणारी रंगीत कांच आणि मोबाईलचा कॅमेरा एवढ्यावर हें चित्र मिळूं शकतें. सुई नाहीं, क्ष-किरण नाहींत.

या दिव्याला मर्यादा आहेत. हिरडीखालचें हाड तो दाखवीत नाहीं. तांबडा डाग म्हणजे रोगाचा निर्णय नव्हे. मिश्रीचा काळा थरही पाहणाऱ्यास फसवूं शकतो. कोणास वैद्याकडे आधीं धाडावें, एवढेंच तो सांगतो.

तेवढेंही थोडें नाहीं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं, तेव्हां ठाणें जिल्ह्यांतच असलेल्या पालघर येथें झाला. अंगणवाड्या व शाळांतून होणाऱ्या त्याच्या तपासणींत दांतांचाही समावेश आहे. अशा पथकाच्या पिशवींत हा दिवा सहज मावेल. उपायही महाग नाहीं: सिल्व्हर डायमाइन फ्ल्युओराइड कुंचल्यानें लाविल्यास दांत न कोरतां कीड थोपवितां येते, डाग काळा पडतो, पण दांत बहुधा वांचतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादींत समावेश केला.

डाग दाखवून पथक निघून गेलें, तर पाड्यावरील मातेच्या पदरीं केवळ चिंता पडेल. ज्या दिवशीं चित्र निघेल, त्याच दिवशीं औषधाचा कुंचलाही हातीं असावा. तरच या दिव्याचें सार्थक होईल.