शिडाची फळी आणि उथळ पाणी
(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेले भाषण)



मागच्या सभेत विषय निघाला की, दिवाळीच्या सुटीत आपल्या मुलींना बांबोळीच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंग शिकायला पाठवावे की नाही. निम्म्या जणी हो म्हणाल्या, निम्म्या गप्प बसल्या. बायकांचे गप्प बसणे म्हणजे नाही, हे आपण सर्व जाणतो. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “तुम्ही जाऊन आलात, तुम्हीच सांगा.” मी सातवी शिकलेली, भाषणाची सवय नाही. पाहिले आणि केले तेवढे सांगते.

आमच्या घरात पाण्याची धास्ती जुनी आहे. सासूबाईंचा धाकटा भाऊ लहानपणी नदीत बुडाला. मुलीने शिकायला जाऊ का म्हणून विचारले, तशा त्या भरल्या ताटावरून उठल्या. मी त्यांना नावे ठेवत नाही. पण मुलगी सोळा वर्षांची. उद्या मैत्रिणींबरोबर सहलीला जाईल आणि कोणाला न विचारता पाण्यात उतरेल. त्यापेक्षा आपणच आधी पाहून यावे, असे मला वाटले. मी मालवणकडची, विहिरीत पोहायला शिकलेली. लग्नानंतर मात्र पाण्यात पाय टाकला नव्हता.

बांबोळी जुवारी नदीच्या मुखाशी आहे. दोना पावलाचे टोक मध्ये येते, म्हणून भर समुद्राच्या लाटा तिथे जोराने पोचत नाहीत. पाणी बरेच आतपर्यंत कमरेएवढे. हेच मला महत्त्वाचे वाटले. कारण या खेळात पहिला दिवस पडण्यातच जातो. मी किती वेळा पडले ते मोजायचे सोडून दिले. खोल पाणी असते, तर दर वेळी धडपडत फळीवर चढावे लागले असते. इथे पडायचे, उभे राहायचे, नाकातले पाणी शिंकरायचे आणि पुन्हा चढायचे.

फळी रुंद असते. तिच्यावर डोलकाठी, पण ती नावेसारखी घट्ट रोवलेली नसते, बुडाशी सर्व बाजूंना वळते. शीड पाण्यात पडलेले असते, ते दोरीने ओढून उभे करायचे. विहिरीचा पोहरा हातांनी ओढतो तसे केले तर कंबर धरते. गुडघे वाकवून अंगाचा भार मागे टाकायचा. शिडावरचे पाणी निथळले की ते हलके होते. सुकाणू नाही. शीड पुढे कलवले की फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर जाते, मागे कलवले की वाऱ्याकडे वळते. आणि घाबरलात तर हातातला आडवा दांडा सोडून द्यायचा. शीड पाण्यात पडते, फळी थांबते. सोडले की थांबते, असे संसारात फारसे काही नसते!

आता भीतीचे बोलू. उथळ पाण्यात भीती नाही असे मी म्हणणार नाही. डोके खाली करून सूर मारायचा नाही, मान मोडेल. फळीखाली पाते असते. ते वाळूत अडकले की फळी जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. म्हणून गुडघाभर पाणी येण्याआधीच उतरायचे. पायात जुने बूट हवेत, शिंपल्यांनी तळवे कापतात.

पण खरी भीती वाऱ्याची. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, ते आता कामी आले. मतलई वारा पहाटे-सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. काठावर उभे राहिले तर पाणी अगदी शांत दिसते आणि नवख्या मुलीला वाटते, हीच वेळ चांगली. तोच वारा तिला आत नेतो. त्यात ओहोटी असली तर विचारूच नका. वारा काठाकडे किंवा काठाला समांतर असेल तेव्हाच शिकायचे. झाडाची पाने हलावीत, धूळ उडू नये, एवढा वारा पुरे. आणि काहीही मोडले तरी फळी सोडून पोहत यायचे नाही. फळी बुडत नाही, माणूस दमतो. हे मी मुलीकडून तीनदा म्हणवून घेतले.

हा पुरुषांचा खेळ, असे एक बाई म्हणाल्या. अमेरिकेत 1964 च्या सुमारास न्यूमन डार्बी यांनी अशी फळी बनवली, त्या कामात त्यांच्या पत्नी नाओमी यांचा हात होता, आणि त्या स्वतः ती चालवीत. ऑलिम्पिकमध्ये 1992 पासून बायकांची वेगळी शर्यत आहे. हाँगकाँगला पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक 1996 साली मिळाले ते याच खेळात, आणि ते जिंकणारी ली लाय-शान ही चुंग चाऊ नावाच्या लहानशा बेटावरची मुलगी.

कपड्यांचे विचारलेत. मी सलवार घालून गेले. भिजल्यावर ती इतकी जड झाली की एका हाताने शीड आणि एका हाताने नाडी धरावी लागली. अंगाबरोबरची विजार आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. वर तरंगते जाकीट, ते आपल्या देखत बांधून घ्यावे.

सासूबाई अजून हो म्हणालेल्या नाहीत. परवा मात्र त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून भरतीची वेळ कशी काढतात ते विचारले. मी सांगितले, रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते.

पोहता येत नसलेल्या मुलींनी आधी कांपालच्या तलावात शिकून घ्यावे; जाकिटाच्या भरवशावर कोणालाही पाठवू नये. ज्यांना नावे द्यायची आहेत त्यांनी ती येत्या बुधवारपर्यंत माझ्याकडे द्यावीत. एक आई बरोबर लागेल. मी जातेच आहे. आणखी एक हवी.